खाडीकाठचे वन आणि पाण्याच्या जुन्या वाटा: गावाने राखण कशी करावी

कोकणातील खाडीकाठचे कांदळवन, म्हणजे खारफुटीचे वन, कुऱ्हाडीने मरते त्याहून अधिक पाणी अडल्याने मरते. रस्त्यासाठी टाकलेला भराव, भरतीच्या मानाने फारच अरुंद ठेवलेली मोरी, गाळाने बुजत गेलेला वहाळ (ओढा) किंवा नादुरुस्त होऊन तशीच राहिलेली उघाडी (बांधातली पाणी सोडण्या-अडवण्याची दारे) यांपैकी एखाद्या कारणाने भरतीचे पाणी आत येईनासे होते, किंवा आत आलेले बाहेर पडेनासे होते, आणि तिवरांची, म्हणजे कांदळवनातल्या एका झाडाची, पाने पिवळी पडून झाडे उभ्याउभ्या वाळू लागतात. मग त्या वाळलेल्या पट्ट्याला पडीक जमीन म्हणणे सोपे जाते आणि तिथे भराव टाकण्याचा प्रस्ताव येतो. दुर्लक्ष आणि विकासकाम ही दोन वेगळी संकटे मानली जातात, परंतु प्रत्यक्षात पहिले दुसऱ्यासाठी जागा मोकळी करून देते. म्हणून पुढील सर्व मांडणी पाण्यापासून सुरू होते. ती पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारी गावांतील ग्रामस्थ, मच्छीमार, शेतकरी आणि शिक्षक यांना डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

पहिली पायरी: पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते पाहणे

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची. एकाच जागेची पाहणी या दोन्ही वेळी करावी. उधाणाला पाणी कोणत्या झाडापर्यंत, कोणत्या बांधापर्यंत आणि कोणत्या मोरीतून आत शिरते ते पाहावे, आणि ओहोटी लागल्यावर कुठे पाणी साचून राहते याची खूण करून ठेवावी. तिवराची जमिनीतून वर आलेली, पेन्सिलीएवढी श्वसनमुळे ओहोटीच्या वेळी उघडी पडली पाहिजेत. ती दिवसचे दिवस पाण्याखाली राहिली तर झाड गुदमरते. उलट, भरती आतपर्यंत पोहोचलीच नाही तर उन्हाळ्यात मातीतले मीठ वाढत जाते आणि नवी रोपे तग धरत नाहीत. दोन्ही प्रकारांत वरून दिसणारे लक्षण सारखेच असते, उपाय मात्र पूर्णपणे उलटे असतात. पाहणी न करता घाईने हाती घेतलेले काम फसते ते याच कारणाने.

गोड्या पाण्याच्या वाटांचीही अशीच पाहणी करावी. डोंगरावरून उतरणारे ओहोळ, पऱ्ये आणि वहाळ खाडीला जिथे मिळतात, तिथपर्यंत पावसाळ्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा काठाकाठाने चालत जावे. पाहणीला गावातील वयस्कर शेतकरी आणि खाडीत जाळे टाकणारी माणसे सोबत असावीत, कारण पूर्वी होडी कुठवर येत असे, जिताडा मासा कोणत्या कोंडीत (डोहात) मिळत असे, कोणता वहाळ बुजवून त्यावर रस्ता झाला, हे त्यांनाच माहीत असते. ही माहिती त्यांच्या शब्दांत, तारखेसह आणि त्यांच्या संमतीने लिहून घ्यावी.

छायाचित्रे दरवेळी ठरलेल्या त्याच जागेवरून, त्याच दिशेने आणि शक्यतो भरतीच्या त्याच अवस्थेत घ्यावीत. पुलाचा कठडा, देवळाची पायरी, जेट्टीचे टोक अशा न हलणाऱ्या पाच-सहा जागा निवडल्या तरी पुरे. मोबाइलमध्ये ठिकाणाची नोंद चालू ठेवावी, म्हणजे अक्षांश-रेखांश आपोआप जतन होतात. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह चित्रे पाहता येतात. त्यावरून भराव कोणत्या काळात पडला आणि त्याआधी तिथे झाडी होती की नाही, याचा अंदाज बांधता येतो.

दुसरी पायरी: कागदावरची वाट शोधणे

जागेवर दिसणारी वाट कागदावर सिद्ध झाली नाही तर तिचा बचाव करणे अवघड जाते. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रमाणित प्रत घ्यावी आणि ज्या गटांतून वहाळ जातो त्यांचे सातबारा उतारे काढावेत. जुन्या नकाशांवर ओढे-नाले रेषांनी दाखवलेले असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले आणि भरतीरेषेखालील खाड्यांचे तळ, कोणाची मालकी सिद्ध झालेली नसेल तर, शासनाच्या मालकीचे असतात. शेजारच्या गटाच्या मालकाने 'नाला माझ्याच जमिनीत आहे' असे म्हटले तरी गावनकाशा काय दाखवतो हा प्रश्न उरतोच, आणि अतिक्रमण काढून टाकण्याचा अधिकार याच संहितेच्या कलम ५० ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे.

दुसरा महत्त्वाचा कागद म्हणजे किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा. त्यात भरतीची उच्चतम रेषा, कांदळवने आणि किनारा नियमन क्षेत्राचे (सीआरझेड, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारपट्ट्याचे) विभाग दाखवलेले असतात. आपल्या गावाचा नकाशा मिळवून तो प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहावा. नकाशात सुटलेले कांदळवन आढळले तर महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाला छायाचित्रांसह लेखी कळवावे. प्रकल्पाचा वाद उभा राहिल्यावर अशी दुरुस्ती मागितली की ती हेतुपुरस्सर मागितल्यासारखी दिसते. शांततेच्या काळात दिलेल्या अर्जाला वेगळे वजन असते.

खाडी आत कुठपर्यंत धरायची, याचाही ठरलेला निकष आहे: वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्यात हजार भागांत पाच भाग क्षार आढळतात तिथपर्यंत भरतीचा प्रभाव मानला जातो. मे महिन्यात महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेच्या मदतीने पाण्याची क्षारता मोजून घेतली, तर ज्याला नाला म्हटले जाते ते प्रत्यक्षात खाडीचेच टोक आहे, हे दाखवता येते. ही मोजणी फारशी कोणी करत नाही, तरीही माझ्या मते गावाने सर्वांत आधी हाती घ्यावे असे हे काम आहे.

शासकीय कार्यालयाकडून कागद मिळत नसेल तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, आणि उत्तर न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते. अर्जात 'का' असे प्रश्न विचारू नयेत, नेमके दस्तऐवज मागावेत: परवानगीची प्रत, स्थळपाहणीचा अहवाल, पंचनामा, मोजणी नकाशा. याच कायद्याने अभिलेखांची आणि कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा अधिकारही दिला आहे. जाडजूड फायली असतील तेव्हा तो वापरावा.

तिसरी पायरी: कोणते संरक्षण आधीच लागू आहे ते समजून घेणे

कांदळवनांबाबत महाराष्ट्रातील नागरिकांच्या हाती एक भक्कम आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशाने राज्यभरातील कांदळवनांच्या तोडीला, जमिनीची मालकी कोणाचीही असली तरी, मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने ही मनाई कायम झाली. कांदळवनाचे क्षेत्र कितीही लहान असले तरी ते किनारा नियमनाच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षित, विभागात मोडते, कांदळवनाभोवती सर्व बाजूंनी ५० मीटरचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवावा लागतो, आणि कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरतो, असे या निकालाने स्पष्ट केले. शासकीय जमिनीवरील कांदळवने वन म्हणून वन विभागाच्या ताब्यात देण्याचे आणि नष्ट झालेली पूर्ववत करण्याचे कर्तव्यही शासनावर टाकले. सार्वजनिक प्रकल्पासाठी कांदळवन तोडायचे झाल्यास उच्च न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून 'सरकारी काम आहे' एवढ्या उत्तरावर कोणीही थांबू नये, त्या परवानगीची प्रत मागावी.

किनारा नियमन अधिसूचना प्रथम १९९१ मध्ये आली, त्यानंतर २०११ आणि २०१९ मध्ये ती नव्याने काढण्यात आली. २०१९ च्या अधिसूचनेने खाडीकाठच्या नियंत्रित पट्ट्याची रुंदी १०० मीटरवरून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल तेवढी केली. हे संरक्षण कमी झाले, हे मान्यच करावे लागेल. तरीही कांदळवने, वाळूच्या टेकड्या, जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे, खाऱ्या पाण्याच्या दलदली, कासवांच्या विणीच्या जागा आणि पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागा पहिल्या विभागात कायम आहेत. त्यामुळे आपल्या जागेत यांपैकी काय आहे हे दाखवणे, हाच बचावाचा पाया ठरतो.

चौथी पायरी: गावाच्या नोंदवहीत आणि ठरावात आणणे

जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी लागते. बऱ्याच गावांत ही वही बाहेरच्या कोणी तरी भरून दिलेली असते आणि कपाटात पडून राहते. ती बाहेर काढून तिच्यात आपल्या पाहणीतील गोष्टी भराव्यात. तिवर, कांदळ, चिप्पी, मारांडी, हुरी यांचे पट्टे कुठे आहेत, निवटी, चिंबोऱ्या आणि कालवे कुठे मिळतात, पाणमांजरांचे पाणवठे कोणते, कोल्ह्यांचा वावर कुठे असतो, देवराईतून कोणता झरा निघतो, हे गटक्रमांकासह लिहावे.

त्यानंतर ग्रामसभेत ठराव घ्यावा. 'पर्यावरणाचे रक्षण करावे' असा मोघम ठराव निरुपयोगी असतो. अमुक गटातून जाणाऱ्या वहाळाची गावनकाशाप्रमाणे हद्द मोजून खुणा रोवाव्यात, अमुक मोरीची रुंदी वाढवण्याची मागणी बांधकाम विभागाकडे करावी, अमुक जागी कचरा टाकण्यास मनाई असावी, असे नेमके ठराव हवेत. विशेष मोलाची जागा असेल तर याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मागता येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील जंगली जायफळाच्या दलदलीला असा दर्जा मिळाला आहे. ही जागा अवघी काही एकरांची, देवराईच्या परंपरेने टिकून राहिलेली आहे. क्षेत्र लहान असल्याने दर्जा मिळणार नाही, हा समज तिच्यामुळे दूर व्हावा.

पाचवी पायरी: दुर्लक्षाची भरपाई, योग्य क्रमाने

कांदळवन वाळलेले दिसले की रोपे लावण्याची घाई होते. हा क्रम चुकीचा आहे. जिथे भरतीची ये-जा पूर्ववत होते आणि जवळपास जिवंत झाडे असतात, तिथे पावसाळ्यात पाण्याबरोबर बिया आपोआप येऊन रुजतात. कांदळाचे बी तर झाडावरच अंकुरते आणि शेंगेसारखे लांब होऊन पाण्यात पडते. म्हणून आधी भराव हटवणे, मोरी रुंद करणे आणि चिखलाने बंद झालेल्या उपनाल्या हाताने मोकळ्या करणे ही कामे करावीत, एक-दोन पावसाळे वाट पाहावी, आणि तरीही जागा रिकामी राहिली तरच त्याच खाडीतील बियांपासून केलेली रोपे लावावीत. या कामांसाठी वन विभागाची लेखी संमती आधीच घ्यावी, कारण हेतू चांगला असला तरी वनक्षेत्रात विनापरवाना खोदकाम करता येत नाही.

उघड्या चिखलपट्ट्यावर रोपे लावणे तर कटाक्षाने टाळावे. दुरून तो ओसाड दिसतो, पण रोहित पक्षी आणि हिवाळ्यात येणारे चिखलपक्षी याच चिखलावर जगतात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, त्यात कांदळवनाइतकाच या उघड्या पट्ट्यांचाही वाटा आहे. समुद्रकिनाऱ्यावर ओळीने सुरूची झाडे लावण्याची सवयही अशीच त्रासदायक आहे. विणीच्या वाळूत सुरूची दाट लागवड झाली की कासविणीला घरटे खणायला मोकळी जागा उरत नाही. वाळूच्या टेकड्या मर्यादवेल, केवडा आणि उंडी यांसारख्या तिथल्याच वनस्पतींनी धरून ठेवलेल्या असतात. त्यांना गुरांपासून आणि वाहनांपासून वाचवले तर बहुतेक वेळा नव्या लागवडीची गरजच पडत नाही.

वहाळाचा गाळ काढताना यंत्राने सरळ आणि खोल चर मारण्याचा आग्रह होतो. त्यामुळे पाणी वेगाने वाहते, काठ कोसळतात आणि गाळ पुढे खाडीच्या तोंडाशी जाऊन बसतो. वहाळाची वळणे, मधल्या कोंडी आणि काठावरची झाडे राखून फक्त अडथळा ठरणारा गाळ, प्लास्टिक आणि टाकून दिलेली जाळी काढावीत. काढलेला गाळ काठावरच ठेवला तर पहिल्या पावसात तो पुन्हा आत येतो, त्यामुळे तो टाकण्याची जागा आधी ठरवावी. नाल्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती बांधण्याच्या प्रस्तावाला गावाने ठाम विरोध करावा. पाण्याची वाट अरुंद केल्याचे परिणाम मुंबईने २६ जुलै २००५ रोजी भोगले आहेत. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि भराव व अतिक्रमणांनी आक्रसलेली मिठी नदी काठावरच्या वस्त्यांत शिरली.

खाजण शेती आणि कांदळवन यांतील तंटा

या विषयावर मोकळेपणाने बोलले जात नाही, म्हणून त्यासाठी थोडी अधिक जागा देतो. खाजणातील, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीतील, भातशेती खारबांध (खारे पाणी अडवणारे बांध) आणि उघाडी यांच्या जोरावर चालते. उघाडीची दारे ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात आणि भरतीचे खारे पाणी आत येऊ देत नाहीत. पूर्वी अनेक गावांत शेतकरी एकत्र येऊन बांधांची दुरुस्ती करत. ती व्यवस्था मोडत गेली, मनुष्यबळ घटले, आणि बांधाला खांड पडली की ती बुजवायला कोणी पुढे येईनासे झाले. खारे पाणी शेतात शिरले, काही वर्षांत तिथे तिवर उगवले, आणि आता शेतकऱ्याला स्वतःच्या सातबाऱ्यावरील जमिनीतील झाडही तोडता येत नाही. त्याचा राग समजून न घेता संवर्धनाची भाषा केली तर गावात दोन तट पडतात, आणि अशा फुटीचा लाभ जमीन स्वस्तात गोळा करणाऱ्यांनाच मिळतो.

व्यवहार्य मार्ग असा: ज्या बांधाच्या आत अजून शेती होते, त्याची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एकत्र पाहणी करावी आणि लहान खांडी लगेच बुजवाव्यात. शासनाच्या योजनेतील बांध असेल तर खारभूमी विभागाकडे दुरुस्तीची मागणी ग्रामसभेच्या ठरावासह पाठवावी. शेती वाचली तर कांदळवनाविरुद्धची तक्रारही उरत नाही. जिथे वन दाट उभे राहिले आहे, तिथे ते राखून उत्पन्न मिळवण्याचे पर्याय पाहावेत. राज्य शासनाची कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना २०१७ पासून खेकडापालन, कालवपालन आणि निसर्ग पर्यटन यांसाठी गटांना साहाय्य देते, आणि वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा बचतगट होडीतून कांदळवन सफर चालवतो. अशा गटांत खाजण गमावलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांना पहिले स्थान मिळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वन्यजीवांची राखण

ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात कोकणच्या वाळूत अंडी घालतात आणि पिल्ले बाहेर पडायला दीड ते दोन महिने लागतात. या काळात किनाऱ्याकडे तोंड असलेले दिवे बंद ठेवणे, वाळूवर वाहने न नेणे आणि भटक्या कुत्र्यांना आवरणे या तीन गोष्टी गावाच्या हातात आहेत. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांसह घरट्यांचे रक्षण सुरू केले, आणि आज तिथल्या घरांना पाहुण्यांच्या निवासातून उत्पन्न मिळते. अंडी हलवण्याचे काम मात्र वन विभागाच्या देखरेखीखाली प्रशिक्षित माणसांनीच करावे. पाणमांजरांची बिळे, समुद्रगरुडाचे घरटे अशा ठिकाणांचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर कधीही टाकू नये. जखमी प्राणी आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

प्रकल्प येतो तेव्हा

मोठ्या प्रकल्पाची चाहूल जागेवर यंत्रे येण्याच्या बऱ्याच आधी कागदांत लागते. केंद्र शासनाच्या परिवेश संकेतस्थळावर पर्यावरण, वन आणि किनारा नियमन मंजुरीचे अर्ज पाहता येतात. महिन्यातून एकदा आपल्या तालुक्याचे नाव तिथे शोधण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपवावी. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी लागू असल्यास तिच्या आधी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. त्या ३० दिवसांत अहवाल वाचून आपल्या नोंदींशी ताडावा. अहवालातील पाहणी कोणत्या ऋतूत झाली, खाडीतील मासेमारीचा उल्लेख आहे का, वहाळ नकाशावर दाखवला आहे का, प्राण्यांची यादी आपल्या नोंदवहीशी जुळते का, हे चार प्रश्न आधी तपासावेत. सुनावणीत भाषणापेक्षा लेखी हरकत महत्त्वाची असते. ती क्रमांक घालून, पानांचा उल्लेख करून द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी बोललेले इतिवृत्तात आले की नाही, तेही नंतर तपासावे.

भराव किंवा तोड प्रत्यक्ष सुरू असल्यास

अशा वेळी कामगारांशी किंवा यंत्रचालकांशी वाद घालू नये आणि एकट्याने जागेवर जाऊ नये. सुरक्षित अंतरावरून छायाचित्रे आणि चित्रफीत घ्यावी, वाहनांचे क्रमांक आणि वेळ टिपावी, आणि त्याच दिवशी तहसीलदार, वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि पोलीस ठाणे यांना एकच लेखी तक्रार द्यावी. प्रत जिल्हाधिकारी आणि किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाला पाठवावी. तक्रारीत गटक्रमांक, अक्षांश-रेखांश, तारीख, आधीची आणि आताची छायाचित्रे, २०१८ च्या निकालाचा उल्लेख आणि दोन स्पष्ट मागण्या असाव्यात: काम तत्काळ थांबवावे आणि पंचनामा करून जागा पूर्ववत करावी. जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली किनारा नियमनाची समिती असते आणि तिच्यात मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. हे प्रतिनिधी कोण आहेत ते आधीच माहीत करून घ्यावे.

काही आठवड्यांत कार्यवाही झाली नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय पीठाकडे जाता येते. पर्यावरणीय वादासाठी या न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या कलम १४ खाली, वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. पुरेसे कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. नुकसानभरपाई आणि जागा पूर्ववत करण्यासाठी कलम १५ ची मुदत पाच वर्षांची आहे, तर मंजुरीविरुद्ध अपिलाची मुदत मुळात ३० दिवसांचीच असते. शासकीय कार्यालयांशी पत्रव्यवहार करण्यात हे दिवस संपून जातात, म्हणून पहिल्या तक्रारीच्या दिवशीच वकिलाचा सल्ला घ्यावा आणि मुदतीच्या तारखा नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहाव्यात. आदेश मिळाल्यानंतर त्याची प्रमाणित प्रत तहसीलदार आणि वन विभागाला स्वतः नेऊन द्यावी, पोच घ्यावी, आणि भराव उचलला गेला का, मोरी आदेशाप्रमाणे रुंद झाली का, हे पुढच्या उधाणाच्या भरतीला त्याच ठरलेल्या जागांवरून छायाचित्रे घेऊन तपासावे. आदेशाचे पालन झाले नाही तर हीच छायाचित्रे अंमलबजावणीच्या अर्जासोबत जोडावी लागतात.